व्यायामाचाही खाडा मांडा

आपल्या घरांत एक हिशेब कधी चुकत नाही, तो दुधाचा. स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतं, खिळ्याला दोऱ्याने पेन बांधलेलं असतं. ज्या दिवशी दूधवाला आला नाही त्या तारखेच्या चौकटीत कुणीतरी फुली मारतं, की झाला खाडा. महिनाअखेरीला फुल्या मोजल्या की वाद उरत नाही. दूध आलं त्या दिवशी काहीच लिहावं लागत नाही, कारण येणं हा नियमच असतो.

व्यायामाच्या बाबतीत आपण नेमकं उलट वागतो. एखाद्या सकाळी पाच किलोमीटर चालून आलो की चार जणांना सांगतो. पुढचे नऊ दिवस घराबाहेर पडलो नाही, त्याची फुली कुठेच नसते. तीन महिन्यांनी ‘एवढं करूनही फरक पडत नाही’ म्हणून सोडून देतो. फरक का पडला नाही ते सांगणारा कागद आपल्याजवळ नसतो. कधीकधी तर फरक पडलेला असतो, पण तो दाखवणारा कागद नसतो. मला हे दुसरं जास्त लागतं. चाललेलं काम, तेही यशस्वी होत आलेलं, माणूस केवळ नोंद नसल्यामुळे टाकून देतो.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पूर्णेत पहाटे बाहेर पडलात तर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, ज्यांना काही महिन्यांत पोलिसांचं, सैन्याचं नाही तर रेल्वेचं ग्राउंड काढायचं असतं. दुसरी चाळिशी-पन्नाशीतली मंडळी, ज्यांना डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब सांगितलेला असतो. दोघांची वाट लांबची आहे. दोघांनाही वही लागते, फक्त वहीतले रकाने वेगळे.

परभणीच्या धावपटूचे तीन आकडे

ज्योती गवते आपल्या परभणीच्या. मुंबई मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीत २०१७ साली त्या भारतीय महिलांमध्ये पहिल्या आल्या. वेळ होती २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. २०१८ साली त्या दुसऱ्या आल्या, वेळ २ तास ५० मिनिटं ४७ सेकंद. २०१९ साली पुन्हा दुसऱ्या, वेळ २ तास ४५ मिनिटं ४८ सेकंद.

क्रमांक पाहिला तर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरण दिसते. घड्याळ पाहिलं तर दरवर्षी सुधारणा आहे. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी धावपटू सुधा सिंग पुढे होत्या म्हणून क्रमांक दुसरा राहिला, आणि दुसरी कोण किती वेगाने धावेल हे कुणाच्याच हातात नसतं. आता मधलं वर्ष बघा. बारा महिने मेहनत करून बेचाळीस किलोमीटरमध्ये कमी झाले फक्त ६ सेकंद. त्या वर्षापुरतंच पाहणारा म्हणेल, गाडी थांबली. पुढच्या वर्षी ४ मिनिटं ५९ सेकंद कमी झाले.

लांबच्या तयारीत मोजायचं काय, हे या तीन ओळींत आहे. आपली तुलना आपल्याच मागच्या आकड्याशी, त्याच अंतरावर, त्याच रस्त्यावर. आणि एका वर्षावर, एका महिन्यावर, एका सकाळवर निकाल द्यायचा नाही.

‘फिट व्हायचंय’ हे वहीत लिहिता येत नाही

ध्येयाला आकडा आणि तारीख हवी. भरतीवाल्यांचं काम इथे सोपं आहे, कारण आकडा जाहिरातीतच असतो. पोलीस शिपाई भरतीत अलीकडे मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. मुलांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआत संपवले तर पूर्ण २० गुण मिळतात. रेल्वेच्या ग्रुप डी भरतीत मुलांनी ३५ किलो वजन खाली न ठेवता २ मिनिटांत १०० मीटर न्यायचं असतं आणि १००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत धावायचं असतं. मुलींना २० किलो वजन आणि १००० मीटरला ५ मिनिटं ४० सेकंद. नियम बदलतात, म्हणून नवी जाहिरात निघाली की हे आकडे तिच्याशी ताडून पाहा आणि मगच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता हा आकडा फोडा. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाचे चार राउंड. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे एका राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. आज तुम्हाला ६ मिनिटं ४० सेकंद लागत असतील तर एक राउंड १०० सेकंदांचा पडतो. कमी करायचे आहेत ते राउंडमागे साडेबावीस सेकंद. ‘दीड मिनिट कमी करायचं’ म्हटलं की डोंगर वाटतो. राउंडचा हिशेब मांडला की कुठला राउंड ढासळतो ते दिसू लागतं. बहुतेकांचा तिसरा ढासळतो, कारण पहिला ते जीव तोडून काढतात. म्हणून नुसतं एकूण टायमिंग लिहू नका, चारही राउंड वेगळे लिहा. ९०, ९८, १०९, १०३ असा कागद आणि १००, १००, १००, १०० असा कागद, दोन्हींची बेरीज ४०० सेकंदच येते. पण पहिल्या मुलाला पहिला राउंड आवरायला शिकायचं आहे, दुसऱ्याला एकूण दम वाढवायचा आहे. दोघांचा पुढच्या महिन्याचा सराव एकसारखा असून चालणार नाही, आणि राउंड लिहिले नाहीत तर हा फरक कुणाला कळणारही नाही.

घरच्या माणसांचं ध्येय त्यांना स्वतःलाच ठरवावं लागतं. ‘सहा महिन्यांत कंबर ९८ वरून ९२ सेंटिमीटर’ हे ध्येय झालं. ‘स्टेशनचा जिना मध्ये न थांबता चढायचा’ हेही झालं, आणि माझ्या मते ते किलोंपेक्षा चांगलं, कारण त्याचा उपयोग रोज होतो.

यानंतर वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘केलं’, उजवीकडे ‘झालं’. किती मिनिटं चाललो, किती जोर-बैठका काढल्या, किती वाजता झोपलो, हे डावीकडे. वजन, कंबर, टायमिंग, साखर हे उजवीकडे. डावा रकाना रोज भरायचा, कारण तो आपल्या हातात आहे. उजवा ठरलेल्या तारखेलाच भरायचा. आपल्याकडे बहुतेक जण उजवा रकाना रोज बघतात आणि डावा लिहीतच नाहीत. डावा भरलेला असून उजवा हलत नसेल तर पद्धत बदलावी लागते. डावाच रिकामा असेल तर पद्धतीला दोष देण्यात अर्थ नाही.

मोजणी एकाच रीतीने

वजनाने जेवढी माणसं नाउमेद झाली असतील तेवढी दुसऱ्या कशाने झाली नसतील. शरीराचं वजन दिवसभरात किलो-दीड किलो सहज खालीवर होतं. लग्नातलं जेवण खारट असेल तर शरीर पाणी धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी काटा वर दिसतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत बायकांचं वजन असंच वाढलेलं दिसतं. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. तेवढं एका रात्रीत कुणी खात नाही. तो काटा पाणी दाखवत असतो. म्हणून एकच काटा वापरा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत उभे राहा. आठवड्यातून तीन दिवस वजन लिहा आणि रविवारी त्या तिघांची सरासरी काढा. तुलना फक्त सरासरीची सरासरीशी.

कंबर मोजताना पुरुषांची हमखास चूक होते, ती म्हणजे पॅन्टचा नंबर सांगणं. पोट सुटलं की पॅन्ट पोटाखाली सरकते. नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो आणि पोट वाढत राहतं. शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी घ्या. शेवटची बरगडी आणि कुल्ह्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास नेहमीसारखा सोडल्यावर, पट्टी न आवळता मोजा. आपल्याकडच्या पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावं, असं डॉक्टर सांगतात. पंधरा दिवसांतून एकदा मोजलं की पुरे. वजन तसंच राहून कंबर कमी होत असेल तर व्यायाम लागू पडतो आहे. अशा वेळी काट्याकडे पाहून सोडून देणं हे मोठं नुकसान.

सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच नाडी मोजा, पूर्ण ६० सेकंद. याला पैसा लागत नाही, यंत्रही लागत नाही, आणि काही महिन्यांच्या सरावानंतर हा आकडा हळूहळू खाली येतो. नेहमी ७२ असणारी नाडी सलग तीन दिवस ८० च्या वर दिसली तर शरीर थकलंय, झोप झालेली नाही किंवा ताप येऊ घातलाय. त्या दिवशी जोराचा सराव नको.

रक्तदाब घरी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवा, अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, व्यायाम काही नको. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. साखरेसाठी एचबीए१सी ही तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून ती दर महिन्याला करण्यात पैसे घालवू नका. तीन महिन्यांनी करा आणि त्या तीन महिन्यांचा डावा रकाना डॉक्टरांना दाखवा. नुसता रिपोर्ट घेऊन जाणाऱ्या रुग्णापेक्षा वही घेऊन जाणाऱ्याला डॉक्टर नेमका सल्ला देऊ शकतात.

पायांच्या ताकदीसाठी एक साधी चाचणी आहे. भिंतीला टेकवलेली बिनहाताची खुर्ची घ्या, हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. आजी-आजोबांनी ही महिन्यातून एकदा करावी, शेजारी कुणीतरी उभं असताना. आकडा १० वरून १३ झाला तर तो फरक न्हाणीघरात, जिन्यावर, बसमध्ये चढताना जाणवतो.

मे महिन्याचं टायमिंग जानेवारीशी जोडू नका

भरतीची पोरं इथे सर्वांत जास्त फसतात. थंडीत परभणीचा पारा राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्या ठिकाणांत असतो आणि मे महिन्यात तोच बेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात जातो. उन्हात शरीराला थंड राखण्यासाठी हृदयाला कातडीकडेही रक्त पाठवावं लागतं, मग पायांच्या वाट्याला कमी येतं. तेवढीच मेहनत केली तरी वेळ जास्त लागतो. जानेवारीत ५:४० काढणारा मुलगा एप्रिलअखेर ५:५५ वर गेला की ‘माझं मागे पडलं’ म्हणून सराव दुप्पट करतो, आणि पिंडऱ्या नाहीतर नडगी धरून बसतो. तो मागे पडलेला नसतो, फक्त ऊन वाढलेलं असतं. टायमिंगच्या शेजारी वेळ, ऊन-वारा आणि जमीन कशी होती हे दोन शब्दांत लिहा. नव्या उन्हाला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवरच्या आकड्यांवरून काही ठरवू नका. खरी तुलना या जानेवारीची मागच्या जानेवारीशी. म्हणून वही वर्षभराने फेकायची नसते.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा वेगळाच प्रश्न. चिखल बुटाला धरतो, पाऊल जड होतं आणि मैदानावरचा आकडा काहीच सांगत नाही. त्यासाठी एक कडक, सपाट, कमी रहदारीचा रस्ता ‘मोजणीचा रस्ता’ म्हणून ठरवून ठेवा. मोबाइलवरचं अंतर थोडंफार चुकतं, म्हणून ५० मीटरची टेप मिळवा, आठ वेळा टाका आणि ४०० मीटरवर रंगाची खूण करा. एकदाचं अर्ध्या तासाचं काम आहे, वर्षभर पुरतं. सराव कुठेही करा, पण चार आठवड्यांतून एकदा होणारी चाचणी याच रस्त्यावर, त्याच वेळेला, शक्यतो त्याच बुटांत. चाचणीच्या आदल्या दिवशी हलका सराव. दर दोन दिवसांनी स्वतःची परीक्षा घेणारी पोरं सराव करतच नाहीत, नुसती परीक्षाच देत राहतात.

आणि रेल्वेच्या गावात राहतो म्हणून सांगतो, रुळांच्या कडेने धावू नका. जीव तर जातोच, शिवाय रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं कायद्याने गुन्हा आहे. सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्याने तरी ते टाळावं.

चालणाऱ्यांसाठी मात्र रेल्वेचा एक चांगला उपयोग आहे. पूर्णेहून अकोल्याला जाणारा मार्ग सुमारे २१० किलोमीटरचा. रोज तीन किलोमीटर चाललात तर सत्तर दिवसांत अकोला. वेळापत्रकातून स्टेशनांमधली अंतरं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या आणि रोजचे किलोमीटर जोडत जा. आज वसमत, मग हिंगोली, मग वाशीम. ज्यांना ‘एकूण ८३ किलोमीटर’ या आकड्याचं काही वाटत नाही त्यांना ‘हिंगोली गाठली’ याचं नक्की वाटतं. खाड्याच्या दिवशी गाडी आहे तिथेच उभी राहते, मागे येत नाही.

प्रगती थांबल्यासारखी वाटते तेव्हा

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत आकडे भराभर सुधारतात, मग थांबतात. हे सगळ्यांचं होतं. धावपटू अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, आपल्याच मराठवाड्याचे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी ८:२९.८० अशी वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे स्वतःचाच विक्रम मोडत ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ते ८:११.२० वर आले आणि रौप्यपदक मिळवलं. चार वर्षांत १८.६० सेकंद. त्यानंतरचा विक्रम जुलै २०२४ मध्ये पॅरिसला, ८:०९.९१. म्हणजे पुढच्या जवळजवळ दोन वर्षांत फक्त १.२९ सेकंद. मधल्या २०२३ सालात नवा विक्रम एकही नाही, पण त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ते ८:१९.५० मध्ये सुवर्णपदक जिंकले.

जसजसं वर चढतो तसतसं पुढचं पाऊल लहान होत जातं. वहीत हे आधीच लिहून ठेवा: पहिल्या तीन महिन्यांत ३० सेकंद, पुढच्या तीनमध्ये २०, त्यापुढे १०. सरळ भागाकार करून ‘दर महिन्याला इतके’ असं ठरवू नका. तसं ठरवलं की चौथ्या महिन्यात तुम्ही हरलेले दिसता आणि प्रत्यक्षात नसता.

दोन चाचण्या, म्हणजे आठ आठवडे, आकडा जागचा हलला नाही तर डावा रकाना उघडा. झोप कमी झाली का? रोज एकाच वेगाने एकच अंतर धावतोय का? आठवड्यात एक दिवस लांब आणि सावकाश, एक दिवस लहान अंतरं वेगात, एक दिवस ताकदीचा व्यायाम, असं काही आहे का? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढच्या चाचणीपर्यंत ती टिकवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक रकाना हवा, तो पाळीच्या तारखांचा. तीन-चार महिन्यांत आपलं शरीर कोणत्या दिवसांत जड राहतं आणि कोणत्या दिवसांत चांगलं चालतं ते स्वतःलाच कळतं. चाचणी त्यानुसार ठेवता येते. आणि सराव नीट असूनही दम लागतो, चक्कर येते, टायमिंग उलट वाढतंय असं दिसलं तर आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. बायकांमध्ये ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. रक्तच प्राणवायू वाहून नेतं. ते कमी असताना कितीही राउंड मारले तरी आकडा हलत नाही, आणि मुलगी स्वतःला आळशी समजत बसते. असं होताना मी पाहिलं आहे आणि त्याचं फार वाईट वाटतं. गोळ्या डॉक्टर देतील. घरात हिरव्या पालेभाज्या, डाळी, वर लिंबू, आणि जेवणाला लागून चहा नाही. भाकरी तर आपली रोजचीच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेबरोबर २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. घरी पेरत असाल तर खाण्यापुरता हा वाण लावून बघा.

खाड्याची फुली कशी मारायची

आता पुन्हा कॅलेंडरकडे. ठरलेला व्यायाम झाला तर चौकट कोरी सोडा. झाला नाही तर फुली, आणि फुलीशेजारी कारणाचं एक अक्षर. ‘क’ म्हणजे काम, ‘आ’ म्हणजे आजारपण, ‘ल’ म्हणजे लग्नकार्य, ‘कं’ म्हणजे कंटाळा. कंटाळाही लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विश्रांतीचा दिवस आधीच ठरवलेला असेल तर त्याला गोल करा, तो खाडा नव्हे. महिनाअखेरीला अक्षरं मोजा. ‘क’ सातदा आला असेल तर तुमची वेळ चुकीची आहे, तुम्ही नाही. सकाळचा व्यायाम संध्याकाळी न्या किंवा उलटं करा.

गाडीवर ड्यूटी असणाऱ्यांना आणि पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना रोजचा नियम पाळता येत नाही. त्यांनी दिवस न मोजता आठवडा मोजावा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही आठवड्याचीच आहे: मध्यम वेगाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटं, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. मध्यम वेग म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका. सोमवार ते रविवार मिनिटांची बेरीज १५० झाली की तो आठवडा भरला, मग ती तीन दिवसांत होवो की सहा. कापूस वेचणीच्या, सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतात राबणाऱ्याने ती मेहनतही वहीत लिहावी. दिवसभर वाकून आलेल्या बाईला संध्याकाळी पुन्हा चालायला लावणारं वेळापत्रक काही कामाचं नाही. तिला पाठ मोकळी करणारे ताण आणि झोप हवी.

एकच नियम कडक ठेवा, दोन फुल्या शेजारी-शेजारी येऊ द्यायच्या नाहीत, आजारपण सोडून. एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं का होईना, पण उतरायचं.

मोबाइल किंवा घड्याळ पावलं मोजत असेल तर चांगलंच आहे, पण दहा हजारांच्या आकड्याचं दडपण नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला, त्या यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ होतं. आज चार हजार चालत असाल तर महिनाभर पाच हजार चाला. घड्याळातल्या जळलेल्या कॅलरींवर विसंबून जेवण वाढवू नका, तो आकडा अंदाजाचा असतो. आणि दर रविवारी मोबाइलमधले आकडे वहीत उतरवा. मोबाइल बदलला, अ‍ॅप बंद पडलं की वर्षांच्या नोंदी जातात, दोनशे पानी वही कपाटात राहते.

छातीत दुखलं, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, नेहमीपेक्षा वेगळाच दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. त्या दिवशी वहीचा विचार करायचा नाही. साखर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी सुरुवातच डॉक्टरांना विचारून करावी.

आज रात्री घरातली मोजपट्टी शोधून ठेवा. उद्या सकाळी उठल्यावर नाडी, मग वजन, मग कंबर, हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. भरतीवाल्यांनी त्याखाली चार राउंडचे चार आकडे लिहावेत. मग कॅलेंडरवर उद्यापासून बरोबर अठ्ठावीस दिवस मोजा, त्या तारखेला ‘चाचणी’ असं लिहा, आणि तोपर्यंत डावा रकाना रोज भरत राहा.